मदत हवी आहे: भर उन्हात सोलर इन्व्हर्टर बंद पडतो

ऐन दुपारी, निर्मिती सगळ्यात जास्त असायला हवी तेव्हाच, आमचा इन्व्हर्टर 'ओव्हर व्होल्टेज' दाखवून बंद होतो. थोड्या वेळाने आपोआप चालू, परत बंद. ढगाळ दिवशी मात्र एकदम शहाणा!

माझा अंदाज असा: आमचं कनेक्शन लाइनच्या अगदी शेवटी आहे. वीज ट्रान्सफॉर्मरकडून घरांकडेच जाणार, असं धरून लाइन टाकलेली. शेवटाला व्होल्टेज पडतं म्हणून ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर पडणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) आधीच वर ठेवलेला असावा. आता दुपारी सगळ्या छतांवरून वीज उलटी जाते आणि व्होल्टेज शेवटालाच जास्त चढतं.

सोलरसारखी साधनं ग्रिडला जोडण्याच्या आयईईई १५४७ या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत इन्व्हर्टरने रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता लाइनमध्ये ये-जा करणारी वीज) घेऊन व्होल्टेज आवरण्याची सोय आहे. ते व्होल्ट-व्हार सेटिंग कुणी चालू करून घेतलंय का? घरांपर्यंत येणाऱ्या लो टेन्शन लाइनला रेझिस्टन्स जास्त, त्यामुळे या उपायाचा परिणाम कमी; मग फरक किती पडेल? टॅप खाली करायला सांगावं, की सरळ बॅटरी घ्यावी? तक्रारीसोबत स्मार्ट मीटरमधली व्होल्टेजची नोंद मागता येते का?

इन्स्टॉलर ट्रिपची (ज्या व्होल्टेजला इन्व्हर्टर बंद होतो ती) मर्यादाच वाढवून देतो म्हणतोय. ते मला पटत नाही, चढलेलं व्होल्टेज शेजाऱ्यांच्या फ्रिजलाही मिळणारच ना.