मेश घ्यायचं की वायर ओढायची?

बी-७०४: नमस्कार. आतल्या बेडरूममध्ये वायफायची रेंजच येत नाही. दार लावलं की मुलीचा क्लास अडकतो. दुकानदार तीन डब्यांचं मेश घ्या म्हणतोय, म्हणजे घरभर ठेवायचे, मिळून एकच वायफाय देणारे डबे. कोणी घेतलंय का?

ए-३०२: आम्ही घेतलंय काकू. दहा मिनिटांत लागलं. एकच नाव, एकच पासवर्ड. आतल्या खोलीत स्पीड मात्र बराच कमी मिळतो.

सी-११०१: काकू, पैसे द्यायच्या आधी थांबा. राउटर कुठे आहे?

बी-७०४: हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे.

सी-११०१: आधी तिथून काढून उंचावर, मोकळ्या जागी ठेवून बघा. तरी जमलं नाही तर वायर ओढा. मेशचे डबे आपसात वायफायनेच बोलतात. ५ गिगाहर्ट्झच्या म्हणजे वेगवान वायफाय बँडची रेंज आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) भिंतीपलीकडे फार कमी होते. बेडरूममधल्या डब्यालाच नीट मिळालं नाही तर तो पुढे काय देणार? शिवाय साध्या दोन बँडच्या मेशमध्ये घेणं आणि देणं एकाच बँडवर होतं, म्हणून स्पीड साधारण निम्मा होतो.
आपल्याकडे हॉलमधून बेडरूमला टीव्ही केबलचा पाइप गेलाय. मी त्यातूनच कॅट ६ (नेटवर्कची वायर) नेली आणि पलीकडे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरवरून आलेलं नेट वायफायने देणारा डबा, लावला. १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट आरामात जातं. वायर पूर्ण तांब्याचीच मागा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर घेऊ नका. आणि लाइटच्या पाइपातून अजिबात नको.
ए-३०२, तुमच्या आतल्या डब्याला लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर लावायची जागा) असेल तर त्यालाच वायर जोडा. नवीन काही घ्यायला नको.

डी-२०५: आम्ही भाड्याने राहतो. घरमालक भिंतीला हात लावू देत नाहीत.

सी-११०१: मग मेशच घ्या. फक्त दुसरा डबा बेडरूममध्ये नको, पॅसेजमध्ये ठेवा, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे.

बी-७०४: घरी जुना राउटर पडून आहे. तो चालेल का?

सी-११०१: चालेल. ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकावा लागेल, नाहीतर दोन्ही राउटर आपापले आयपी (प्रत्येक फोन-लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता) वाटत बसतात. त्याची पोर्टं १०० एमबीपीएसची असतील तर त्यापुढे स्पीड जाणार नाही. तुमचा प्लॅन किती स्पीडचा आहे?

बी-७०४: १०० चाच.

सी-११०१: मग जुनाच लावू. खर्च फक्त वायरचा.

बी-७०४: शनिवारी इलेक्ट्रिशियनला बोलावते. पाइपातली जुनी टीव्ही केबल आधीच काढून ठेवू का?

सी-११०१: नको, नको! तिच्याच टोकाला नवी वायर बांधून ओढायची आहे. मी येतो शनिवारी.