मदत हवी आहे: फराळाच्या दुकानासाठी हिशेबाचा छोटा प्रोग्राम, राउंडिंगचा घोळ

मंडळी, मामाच्या फराळाच्या दुकानासाठी पायथन आणि टीकेइंटरमध्ये (पायथनमध्ये खिडक्या-बटणं बनवायचं साधन) साधा ऑर्डर कॅल्क्युलेटर करतोय. पदार्थ निवडायचा, ग्रॅम टाकायचे, रक्कम समोर. दुकानातला पीसी अजून विंडोज 7 वर आहे, म्हणून पायथन 3.8 वापरलंय, त्यापुढचं तिथे चालत नाही. मामा मराठी आकडे टाइप करतो, पण ‘२५०’ सुद्धा इंट() (टाइप केलेल्या मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) मुकाट घेतं, ती काळजी मिटली.

घोळ आहे तो राउंडिंगचा. चकली 450 रुपये किलो. पावकिलोचे होतात 112.50, राउंड() देतो 112. पाऊण किलोचे 337.50, तिथे मात्र 338! अर्धा आला की पायथन जवळच्या सम आकड्याकडे जातो, हे कळलं. पण मामाच्या वहीत पन्नास पैसे म्हणजे सरळ वरचा रुपया, आणि वहीशी जुळलं नाही तर तो प्रोग्राम उघडणारसुद्धा नाही.

डेसिमल (पायथनचा अचूक दशांश हिशेबाचा प्रकार) घेऊन राउंड हाफ अप, म्हणजे अर्धा आला की वर, असा नियम लावू, की सगळा हिशेब पूर्णांक पैशांत ठेवू? आणि राउंडिंग प्रत्येक ओळीला करावं की फक्त शेवटच्या बेरजेला? ज्यांनी दुकानासाठी असं काही केलंय त्यांनी प्लीज सांगा.

अजून एक: यादीतला पदार्थ काढला की बेरीज आपोआप बदलायला हवी. सध्या बटण दाबावं लागतं. गर्दीत ते कोण दाबणार? डेटाबेस, ऑनलाइन वगैरे नको, एवढंच चाललं तरी दिवाळी निघेल.