तलावाच्या कमानीवर नाव कोणाचं?

झाडीचा माणूस (साकोली तालुका)
आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर सुशोभीकरण होऊ घातलंय. पेव्हर ब्लॉक, बाक आणि एक मोठी कमान. कमानीवर नाव कोणाचं द्यायचं यावरून ग्रामसभा दोनदा तहकूब झाली. एक गट म्हणतो, तलाव कोहळी समाजाने बांधला, तेव्हा नाव त्यांच्या पूर्वजाचं. दुसरा म्हणतो, जमीन गोंड राजाची, त्याच्या हुकुमाशिवाय टोपलीभर मातीही पडली नसती.

मी कोहळी आहे, ते आधीच सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे 6 हजारांच्या वर तलाव आहेत. पाळ नेमकी कुठे टाकायची, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात कसा उतरवायचा, हे आमच्या लोकांना कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन दिली आणि आमच्या वाडवडिलांनी हात राबवले. नवेगाव बांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळ्यांचं नाव आजही जोडलेलं आहे. माणूस जसा असतो तसं त्याचं शिवार होतं, असं माझं ठाम मत आहे.

काळी माती (अकोला)
भाऊ, इथं मी सहमत नाही. शिवार पाऊस घडवतो, जात नाही. तुमच्याकडे 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उताराची जमीन आणि पोटाला धान. पाणी अडवलं नाही तर रोवणी वाळते. आमच्याकडे 700-800 मिलिमीटर, आणि काळी जमीन स्वतःच ओल धरून ठेवते. तलावाची गरजच पडली नाही.

घरांचंही तेच. तुमची कवेलूची उतरती छपरं, आमची धाब्याची सपाट घरं. आमच्या जुन्या घरावर पांढऱ्या मातीचा थर होता. दर उन्हाळ्यात आजोबा नवी माती चढवायचे आणि पहिल्या सरीत ती घट्ट बसायची. तुमच्या पावसात ते धाबं एका आषाढात खाली आलं असतं. यात कुठं आली संस्कृती?

आणि दुसरं कारण कायद्याचं. वऱ्हाड 1853 ला इंग्रजांकडे गेलं, तिथं रयतवारी आली, म्हणजे प्रत्येक शेतकरी आपला सारा सरकारला थेट भरणार. नागपूरकडे मालगुजारी, म्हणजे अख्ख्या गावाचा सारा एक मालगुजार भरणार. एक मालगुजार गावाच्या नावाने तलाव राखू शकतो, आमचा सुटा कास्तकार कशाला राखेल?

झाडीचा माणूस
पावसाचं अर्धं मान्य. पण मग गोठणगावला या. अर्जुनी मोरगाव तालुक्यात 1972 पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. पाऊस तोच, माती तीच, इटियाडोह धरणाचं पाणीही शेजारीच. तरी वसाहतीत शिरलं की दारापुढे रंगीत पताका फडफडतात आणि मठाचं छप्पर दिसतं. बाजूच्या गावात तुळशीवृंदावन आणि धुऱ्यावर तूर.

मुलचेरा-चामोर्शीकडची बंगाली गावं घ्या. पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेली माणसं. मी तिथं दोन दिवस राहिलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या घरामागे छोटं तळं, काठाला केळी, आणि म्हातारी पहाटे तळ्याच्या पायरीवर भांडी घासत होती. गावची आठवण सांगताना त्या बाईने बोट तळ्याकडे केलं, घराकडे नाही. पावसाने तिला तळं खोदायला सांगितलं होतं काय?

रमाईची लेक (भंडारा जिल्हा)
दोघंही मोठ्या गोष्टी करताय, मला एक छोटी गोष्ट विचारायची आहे. कोहळ्यांनी बांधला, गोंड राजाने जमीन दिली, पण माती कोणी वाहिली?

माझी आजी सांगायची, आमच्या गावच्या पाळीच्या दुरुस्तीला आमच्या वस्तीतल्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन असायच्या. पाणी मात्र आमच्या धानाच्या बांधीला सगळ्यात शेवटी. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडायचे तेव्हा कुठे पाट इकडे वळायचा. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला, वाऱ्याच्या उताराला. ती जागा आमच्या संस्कृतीने निवडली नव्हती दादा, ती आम्हाला नेमून दिली होती. संस्कृतीने शिवार घडतं असं म्हणताना कोणाच्या हुकुमाने घडतं तेही म्हणा.

आमची निवड कुठे दिसते ते सांगते. 14 ऑक्टोबर 1956 नंतर आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. जिथं ती ढोरं टाकायचे तिथंच आज विहार आहे. पुढे पिंपळ लावलाय, आता दोघांच्या कवेत मावत नाही. आजीने त्याला दीड वर्ष कळशीने पाणी घातलं. आम्ही घडवलेलं शिवार म्हणाल तर तेवढं.

काळी माती
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. पाऊस वस्तीचा कोपरा ठरवत नाही, हे मला आधीच लिहायला हवं होतं. धाब्याची घरंही गढीच्या आत वेगळी आणि गावकुसाबाहेर वेगळीच होती.

झाडीचा माणूस
ताई, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्या घरात "आपण तलाव बांधला" असंच म्हणतात, त्या "आपण"मध्ये कोण कोण ते कधी विचारलं नाही. तरी एक गोष्ट सोडत नाही. उतार ओळखायची ती नजर खरीच होती. हुकूम आणि मजुरी जमली म्हणून कोणालाही पाळ टाकता येत नाही. 1951 ला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, माणसं आणि पैसा दोन्ही होते, तरी कितीतरी तलाव गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी भरले. जाणणाऱ्याला कोणी विचारलं नाही.

जाळंवाला
मी ढिवर. तुमच्या गावचा नाही, पण आमच्याकडे अशीच कमान झाली, म्हणून लिहितो. नावाचा वाद वर्षभर चालला. तेवढ्यात कंत्राटदाराने पाळीवर पेव्हर ब्लॉक टाकले. पूर्वी पाळीच्या मातीत खुंट्या ठोकून आम्ही जाळी ताणून वाळवायचो, आता खुंटी कुठे ठोकायची? काठ सिमेंटचा झाला, डोंगा ओढून वर घेता येत नाही. जाळी आता घराच्या छपरावर टाकतो, उंदीर कुरतडतात.

ग्रामसभेत कमानीचं काय व्हायचं ते होवो. आराखडा कागदावर आहे तोवर डोंगा ओढायला दोन ठिकाणी मातीचा उतार आणि पाळीचा पाव भाग कच्चा ठेवा, एवढं लिहून घ्या.

झाडीचा माणूस
येत्या सोमवारी सभा आहे. तुमचे दोन्ही मुद्दे लेखी देतो. ताई, तुमच्या आजीसारख्या बायका आमच्या गावातही असणार. सभेआधी पूर्वेकडच्या वस्तीत जाऊन विचारतो.