स्नोडोनिया की एररी? वेल्समधली नावं मराठीत कशी लिहायची

अनुस्वार
एका ट्रेकिंग ग्रुपच्या अंकासाठी वेल्समधल्या भटकंतीचा लेख इंग्रजीतून मराठीत करतेय. मूळ लेखात सगळीकडे वेल्श नावं आहेत, एरिरी, यर विड्फा वगैरे, कारण तिथल्या नॅशनल पार्कवाल्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवलं की इंग्रजीत लिहितानाही स्नोडोनिया या डोंगराळ भागाला एरिरी आणि तिथल्या स्नोडन शिखराला यर विड्फाच म्हणायचं. माझे संपादक म्हणतात मराठी वाचकाला स्नोडनच धड माहीत नाही तिथे हे काय काढलंस, सरळ स्नोडोनिया लिही आणि मोकळी हो. मी म्हटलं तिथल्या लोकांनी जे नाव लावून धरलंय ते परत फिरवणारी मी कोण. तर दोन प्रश्न: मराठीत कुठलं नाव घ्यावं, आणि वेल्श घेतलं तर लिहावं कसं? ब्रेकन बीकन्स या वेल्समधल्याच दुसऱ्या डोंगराळ भागाचं वेल्श नाव देवनागरीत चार वेळा खोडलंय.

ठसका
संपादकांचं बरोबर आहे. लेख वाचून कुणाला जावंसं वाटलं तर तो सर्च काय करणार, स्नोडन. आपण जर्मनीला डॉइचलांड म्हणत नाही, ग्रीसला एलाडा म्हणत नाही, मग वेल्सचेच एवढे लाड कशाला? उद्या वेल्सला पण कम्री म्हणायला लावाल.

कार्डिफकर
लावाल काय, म्हणतातच. इथली फुटबॉल टीम स्वतःला कम्रीच म्हणवते, इंग्रजीत बोलताना सुद्धा.

अनुस्वार, आधी उच्चार घे. वेल्श स्पेलिंग दिसतं भयंकर पण इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे, एकदा नियम कळले की संपलं. वाय शब्दाच्या शेवटच्या अक्षरात असेल तर इ, त्याच्या आधी असेल तर अ (यरसारखे काही छोटे शब्द अपवाद, तिथेही अ). त्यामुळे एरिरी नाही, एररी, मधल्या र वर जोर. एक एफ म्हणजे व, फ हवा असेल तर दोन एफ. दोन डी म्हणजे इंग्रजी 'दिस'मधला द. मग यर विड्फाचं होतं अर विद्वा. ब्रेकन बीकन्सचं बान्नाय ब्रखेन्योग, आणि त्यातला ख उर्दू खबरमधला, घसा खरवडून.

इथे रस्त्यावर गाड्यांनी हळू जावं म्हणून पांढऱ्या रंगात स्लो लिहितात आणि त्याच्या वर वेल्शमध्ये तेच, ए आर ए एफ. पहिल्या वर्षी मी अराफ अराफ वाचायचो, मग ऑफिसातल्या एकीने सांगितलं की ते आरव आहे. माझ्या पुतण्याचं नाव आरव. तो इकडे आला तेव्हा प्रत्येक वळणावर गाडी थांबवून फोटो काढायला लावले त्याने, हळू जा लिहिलेल्या जागी.

ठसका
हाहा. अर विद्वा म्हणजे न गळालेला विद्वान. छापून आलं की प्रूफरीडर न घालणार बघा.

मोडीवाला
मुळात आपण कधी कुणाला विचारून नावं ठेवली? जुन्या मराठी कागदांत डच म्हणजे वलंदेज, फ्रेंच म्हणजे फरासीस, डॅनिश म्हणजे दिनमार. त्या लोकांना पत्ताही नसेल. आणि हे शब्दही आपले घरचे नाहीत, वलंदेज पोर्तुगीजांकडून आला, इंग्रज हा शब्द सुद्धा पोर्तुगीजच. म्हणजे इंग्रज स्वतःला काय म्हणतात ते आपण ऐकलं नाही, त्यांच्या शेजाऱ्याने काय सांगितलं ते ऐकलं. परक्यांची नावं भाषेत अशीच येतात, सांगोवांगी. मराठीत स्नोडन इंग्रजीमार्गे आलं तर त्यात पाप नाही. एररी लिहिणं म्हणजे मराठीपणा नव्हे, ती इंग्रजी वर्तमानपत्रांतली नवी फॅशन उचलणं झालं.

अनुस्वार
काका, पण वलंदेज हा शब्द कुणाच्या जखमेवर बसत नव्हता ना. वेल्सचं तसं नाही. वेल्स हा शब्दच जुन्या इंग्रजीतल्या 'परका' अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय, म्हणजे बाहेरून आलेल्यांनी आधीपासून राहणाऱ्यांना परके ठरवलं. ते स्वतःला कम्री म्हणतात, त्याचं मूळ 'एका मुलखातले सोबती' असं आहे म्हणे. एवढं समजल्यावर सांगोवांगी म्हणून सोडून देता येत नाही मला तरी.

मोडीवाला
मग वेल्सही लिहू नका. लेखाचं नाव कम्रीतली भटकंती. बघू संपादक काय म्हणतात.

दवंडी
मी बेळगावचा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर आमचं गाव बेळगावी आहे. अनुस्वार, तुझा नियम आमच्या गावाला लावून दाखव, 'तिथल्या लोकांनी लावून धरलंय'. लिहिशील मराठीत बेळगावी? नाही ना? मग वेल्ससाठी वेगळा न्याय का.

अनुस्वार
नाही लिहिणार, कारण तिथे मराठी माणसं राहतात आणि त्यांचं त्यांच्या गावाला स्वतःचं नाव आहे. स्नोडन हे मराठी माणसाने ठेवलेलं नाव नाही. दोन्ही गोष्टी एका मापाने कशा मोजता येतील?

दवंडी
मग वेल्समधल्या इंग्रजी बोलणाऱ्यांचं काय? त्यांच्याही चार पिढ्या तिथेच गेल्यात, त्यांच्या शहराचं स्वान्सी हे त्यांचं स्वतःचं नाव नाही का? वेल्श येते किती जणांना तिथे?

कार्डिफकर
२०२१ च्या जनगणनेत १७.८ टक्के, म्हणजे साधारण ५ लाख ३८ हजार माणसं. पण हा आकडा सगळ्या वेल्सचा. एररीचा बराचसा भाग ज्यात येतो त्या ग्विनेद कौंटीत तोच ६४ टक्क्यांवर आहे. तिथे दुकानात, शाळेत, पबमध्ये डोंगरांचं नाव एररीच होतं आणि आहे, ते कुणी २०२२ मध्ये शोधून काढलं नाही. बदललं ते इंग्रजीतल्या लिखाणात. आपल्याकडे १९९५ ला तेच झालं, मराठी माणूस आधीपासून मुंबईच म्हणत होता, बॉम्बे गेलं ते इंग्रजीतून. त्यामुळे दवंडी, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की स्वान्सीला स्वान्सी म्हणणाऱ्याचं नाव कुणी काढून घेतलेलं नाही, पाटीवर दोन्ही असतात, फक्त आता नवीन पाटीवर वेल्श वर आणि इंग्रजी खाली.

आणि स्वान्सी हे नाव इंग्रजी आहे तरी कुठे, ते व्हायकिंगांचं आहे, स्वेन नावाच्या कुणाचं तरी बेट. वेल्समधल्या अँगलसी बेटाचं नाव पण तसंच.

ठसका
म्हणजे भांडण वेल्श विरुद्ध इंग्रजी, आणि नाव तिसऱ्याचंच. छान.

गप्पिष्ट
एररी म्हणजे गरुडांचा डोंगर. वेल्शमध्ये गरुडाला एरिर म्हणतात. आपल्याकडे गिधाडांवरून सुळक्यांना नावं पडतात तसंच. लेखात हे टाकाच, वाचकांना आवडेल.

कार्डिफकर
नका टाकू. ही व्युत्पत्ती टुरिस्ट माहितीपत्रकांत असते पण वेल्श भाषेचे अभ्यासक सर इवोर विल्यम्स यांनी कधीच खोडून काढलीय, उंच प्रदेश असा अर्थ आहे.

गप्पिष्ट
गरुड उंचावरच असतो.

कार्डिफकर
🙏

पाटीचोर
पाट्यांवरून आठवलं. या दोन भाषांच्या पाट्या कुणी प्रेमाने दिलेल्या नाहीत. १९६२ मध्ये वेल्श भाषेसाठी एक संघटना निघाली, कमदेइथास अर इआइथ, त्यांची पोरं नुसत्या इंग्रजी पाट्यांना रंग फासत फिरायची, पुढे पुढे तर पाट्या उपटून न्यायची. डाव्हिद इवान म्हणून गायक होता, त्याने दंड भरायला नकार दिला म्हणून १९७० मध्ये तुरुंगात गेला, आणि वेल्समधल्याच काही मॅजिस्ट्रेट लोकांनी वर्गणी काढून त्याचा दंड भरला. म्हणजे एकाने शिक्षा द्यायची आणि बाकीच्यांनी पैसे भरायचे. आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांना काळं फासतात तेव्हा मॅजिस्ट्रेट वर्गणी काढताना बघितलाय का कुणी?

ठसका
आपल्याकडे आधी काळं फासणारा वर्गणी काढतो.

पाटीचोर
आणि भाषांतराचा विषय आहे म्हणून हेही सांगतो. २००८ ची गोष्ट, स्वान्सीत जड वाहनांना प्रवेश बंद अशी पाटी लावायची होती. इंग्रजी मजकूर ईमेलने भाषांतर विभागाला गेला, लगेच वेल्शमध्ये उत्तर आलं, ते तसंच पाटीवर रंगवून रस्त्यावर उभं केलं. उत्तर होतं 'मी सध्या ऑफिसात नाही, भाषांतराचं काम असेल तर पाठवा'. खरीखुरी पाटी, फोटो जगभर फिरले.

अनुस्वार
😂 हे मला टेबलासमोर लावून ठेवायचंय.

मोडीवाला
हसणं ठीक आहे, पण यातून तेच दिसतं ना. ज्याला भाषा येत नाही तो फक्त नाव मिरवतो. कार्डिफला कायरडीद लिहिलं की झाले सगळे वेल्श.

कार्डिफकर
काका, कायरडीदचं तर उलटच आहे. जुनं वेल्श नाव कायरडीव असं होतं, ताव नदीवरचा किल्ला, पुढे वेल्श बोलणाऱ्यांच्याच तोंडी व चा द झाला. इंग्रजांनी आधीचा उच्चार उचलला आणि तोच धरून ठेवला. म्हणजे कार्डिफ हे जुन्या वेल्श नावाच्या जास्त जवळ आहे. शुद्धीवाद्यांनी आता कुठे जायचं सांगा. आणि ते छप्पन्न-अठ्ठावन्न अक्षरांचं गाव, थ्लानव्हायरपुथ्लवगैरे, ज्याच्या स्टेशनच्या बोर्डाखाली सगळे आडवे तिडवे होऊन फोटो काढतात, ते लांबलचक वेल्श नाव तर १८६० च्या दशकात प्रवासी यावेत म्हणून मुद्दाम रचलेलं. तिथले लोक नुसतं थ्लानव्हायरपुथ्ल म्हणतात.

पण म्हणून सगळंच सारखं असं नाही. एररीतल्या ग्लडर डोंगरांत कूम क्नेव्यॉन नावाची एक खळगी आहे, क्नेव्यॉन म्हणजे मेंढ्यांची कातरलेली लोकर. धनगरी नाव आहे हो, सरळ सरळ. तिथे चढाईला येणाऱ्या इंग्रजांनी तिला काय नाव दिलं माहितीये? नेमलेस कूम. निनावी. म्हणजे कूम हा वेल्श शब्द ठेवला आणि नाव नाहीच म्हणून सांगितलं. गाईडबुकांत छापलं सुद्धा. पार्ककडे वेल्श नावांसाठी पाच हजारांवर सह्यांचा अर्ज गेला त्यामागे असल्या गोष्टींचा राग आहे, स्नोडन या एका शब्दाचा नाही. स्नोडन म्हणजे बर्फाचा डोंगर, चांगलं जुनं नाव आहे ते, हजार वर्षांचं.

दवंडी
हे पटलं. निनावी वाचून डोक्यात तिडीक गेली. बेळगावचं मात्र अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

ठसका
थ्लान की ल्हान? कोल्हा-मधला ल्ह चालेल की.

कार्डिफकर
नाही चालणार. जीभ ल ला लावायची आणि आवाज न काढता बाजूने हवा सोडायची. कोल्ह्यात आवाज निघतो. मी थ्ल लिहितो पण तेही खरं नाही.

मोडीवाला
ह वर अर्धा ल?

चकली
मी शिलाँगला असताना हा सगळा वाद वेगळ्या रूपात ऐकलाय. खासी भाषा रोमन लिपीत लिहितात ती वेल्श लोकांमुळे. थॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी १८४१ मध्ये चेरापुंजीला आला आणि त्याने खासी लिहायला वेल्श पद्धतीचं स्पेलिंग लावलं. त्यामुळे खासी मुळाक्षरांत जी नंतर लगेच एनजी हे वेगळं अक्षर येतं, वेल्शसारखंच, आणि वायचा उच्चार अ. वर तुम्ही एररीचा जो नियम सांगितलात तो वाचून मला आमच्या शेजारच्या खासी मावशी आठवल्या, त्या माझ्या हातच्या याद्या बघून वाय कुठे घालायचा राहिला ते सांगायच्या. आणि तिथेही तेच, चेरापुंजी इंग्रजांचं, खासी लोक सोहरा म्हणतात आणि आता सरकारी नावही सोहरा आहे. मराठी भूगोलाच्या पुस्तकात अजून चेरापुंजीच ना?

गप्पिष्ट
चेरापुंजी बदलू नका हो. पुंज म्हणजे ढगांचा पुंज, आमच्या सरांनी वर्गात सांगितलेलं. म्हणूनच तिथे एवढा पाऊस.

चकली
सोहराचं इंग्रजांनी चेरा केलं आणि पुंजी म्हणजे वस्ती, बांगलादेशात सिल्हेटकडे खासी गावांना अजून पुंजी म्हणतात. ढगांचा संबंध नाही.

गप्पिष्ट
संबंध नाही कसा, जगातला सगळ्यात जास्त पाऊस कुठे पडतो मग?

चकली
मॉसिनरामला.

मोडीवाला
मॉ की माव? देवनागरीत दोन्ही बघितलंय.

चकली
माव म्हणजे दगड खासीत, पण मॉ सारखं ऐकू येतं. मावलिनाँग, मावफ्लाँग, सगळी दगडांची गावं.

गप्पिष्ट
मराठीत मऊ आणि तिकडे माव म्हणजे दगड, बघा, याच्यावर वेगळी चर्चा काढतो.