अनुभव धागा: गेम खेळताना कधी डोळ्यांत पाणी आलंय?

पडवीतला प्लेयर

पाऊस धो धो. लाईट सकाळपासून तीनदा गेली, आता इन्व्हर्टरच्या जिवावर टाईप करतोय, मध्येच गायब झालो तर समजून घ्या.

झालं काय, माझा चुलतभाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून सध्या घरी आणि माझ्या कंट्रोलरवर त्याचाच कब्जा. काल रात्री खेळता खेळता उठला, "जरा येतंय" म्हणून मागच्या दारी गेला तो वीस मिनिटं नाहीच. आला तेव्हा तोंड धुतलेलं. काकी म्हणते, "मेल्या, रडतंस कित्याक? हरलंस?" तर हा म्हणतो, "नाय गे आये, जिंकलंय."

त्यावरून हा धागा. कुठल्या गेमच्या गोष्टीने तुम्हाला असं मागच्या दारी पाठवलं ते लिहा. ग्राफिक्स भारी, ओपन वर्ल्ड भारी हे सगळं यूट्यूबवर आहे, ते नको. गोष्ट काय आणि तुमचं काय झालं ते हवं. शेवट सांगणार असाल तर आधी तसं लिहा म्हणजे बाकीचे शिव्या घालणार नाहीत.

खाडीपलीकडचा

ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स. २०१३ चा गेम, तीन-चार तासांत संपतो. शेवट सांगतोय, ज्यांना खेळायचाय त्यांनी खाली सटका.

दोन भाऊ, आई बुडून गेलेली, बाप अंथरुणाला, त्याच्यासाठी औषधाचं पाणी आणायला निघतात. बोलतात ती भाषा जगात कुठेच नाही, गेमसाठी बनवलेली, सबटायटल पण नाही, तरी सगळं कळतं. कंट्रोलरची डावी बाजू मोठ्या भावाची, उजवी धाकट्याची, दोघांना एकदम चालवायचं. सुरवातीला जाम गोंधळ होतो, दोघे एकमेकांवर आपटतात. धाकट्याला पाण्याची भीती, आई त्याच्या डोळ्यासमोर गेलेली, म्हणून पाणी आलं की तो मोठ्याच्या पाठीवर.

मला पोहायला दादाने शिकवलं. आमच्या बागेतल्या विहिरीत, कमरेला दोन सुके असोले नारळ बांधून. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला न सांगता एकच बांधला. मी गटांगळ्या खातोय आणि हा पायरीवर बसून शेंगदाणे खातोय. दादा २०१६ ला हायवेवर गेला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तर गेममध्ये मोठा भाऊ मरतो. धाकटा त्याला पुरतो, म्हणजे आपणच पुरतो, माती आपल्यालाच लोटायला लावतात. परत येताना वाटेत पाणी लागतं. मी उजवी स्टिक पुढे करतोय, उजवं बटण दाबतोय, पोरगं काठावर जाऊन मागे येतंय. मला वाटलं गेम हँग झाला. डावा हात मघापासून नुसता कंट्रोलरवर पडून होता, त्याला काही कामच उरलं नव्हतं ना. आणि मग कसं सुचलं माहीत नाही, मी मोठ्या भावाचं बटण दाबलं. पोरगं पाण्यात उतरलं आणि पोहायला लागलं.

कोणी काही बोलत नाही तिथे. मी ते बटण पलीकडचा काठ येऊन गेला तरी सोडलं नव्हतं, बोट पांढरं पडलं होतं.

पडवीतला प्लेयर

खाडीपलीकडचे, काल रात्रीचा सीन हाच. भावाला तुमची पोस्ट वाचून दाखवली. तो काही बोलला नाही, फक्त "दोन नारळ बांधूक व्हये व्हते" म्हणाला.

वसुली (माजी)

मी चिपळूणचा. आठ वर्षं एका पतपेढीत वसुलीला होतो, नाव विचारू नका. रेड डेड रिडेम्प्शन २ हा गेम २०१८ चा, मी खेळलो २०२२ मध्ये सेकंडहँड पीएसफोर (प्लेस्टेशन ४) घेऊन. इथे पण शेवटाकडचं येणार आहे.

१८९९ सालची अमेरिका, दरोडेखोरांची टोळी, त्यातला आर्थर मॉर्गन म्हणजे आपण. टोळीतला एक जण गरिबांना व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. सुरवातीच्याच एका मिशनमध्ये डाउन्स नावाचा शेतकरी, खंगलेला, खोकतोय, बायको-मुलगा बघतायत आणि आपण त्याला कुंपणाला धरून मारायचं. तो आर्थरच्या तोंडावर खोकतो. मी मारलं, मिशन संपलं, पुढे शिकार, मासेमारी, पत्ते, चाळीसेक तास मजेत गेले. मग एका शहरात आर्थर रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर सांगतो टीबी आहे. तेव्हा मला तो खोकला आठवला. आणि मी अक्षरशः जुनं मिशन परत लावून बघितलं की तिथे न मारता निघायचं बटण होतं का. नव्हतं. बाकी गेममध्ये हजार ठिकाणी सोडून देता येतं, तिथे नाही.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते इथल्या लोकांना सांगायला नको. वाशिष्ठीच्या पुराचं पाणी ओसरल्यावर महिन्याभरात आमच्या हातात थकबाकीदारांच्या याद्या आल्या. त्यात एक शिंपी होता. दुकानात गेलो तर तीन मशिनी उघडून फळीवर ठेवलेल्या, हा टूथब्रशने त्यांच्यातला गाळ काढतोय. मला स्टूल दिलं बसायला. स्टूलाच्या पायाला पण गाळच. मी म्हटलं, मला साहेबांनी पाठवलंय, माझ्या हातात काही नाही. तो म्हणाला, हो बरोबर आहे, चहा घेणार का.

मारलं बिरलं नाही हो कोणी, पण दर आठवड्याला जाऊन त्या स्टूलावर बसायचो, दुकानात गिऱ्हाईक असेल तर मुद्दाम बसायचो, तसंच शिकवलेलं.

गेममध्ये आर्थर नंतर त्या विधवेला आणि मुलाला शोधतो, पैसे देतो. ती घ्यायला तयार नसते. मी पतपेढी सोडली ती काही गेममुळे नाही, पगार वेळेवर होत नव्हता म्हणून. पण सोडल्यावर त्या शिंप्याकडे एक शर्ट शिवायला टाकला, गरज नव्हती. त्याने ओळखलं का नाही कळलं नाही. माप घेताना फक्त म्हणाला, हात जरा वर करा.

सरज्याचा मालक

वसुली, तुमच्या पोस्टवर काय लिहू सुचत नाही, म्हणून मी घोड्याबद्दल लिहितो. त्या गेममध्ये घोड्याला आपल्याला हवं ते नाव देता येतं. मी आमच्या बैलाचं दिलं, सरज्या. शंभर तास त्याला खरारा केला, गाजरं चारली. शेवटच्या मिशनला गोळीबार चालू असताना घोडा पडतो आणि आर्थर पळायचं सोडून त्याच्याजवळ बसतो आणि थँक यू म्हणतो. कोणी खेळणार असाल तर घोड्याला घरातल्या जनावराचं नाव देऊ नका एवढंच सांगतो.

रोठा सुपारी

श्रीवर्धन. लाइफ इज स्ट्रेंज, २०१५ चा, पाच भागांत आला होता. शेवट आहे.

मॅक्स नावाच्या मुलीला वेळ मागे नेता येते. त्या जोरावर ती क्लोई या मैत्रिणीला मरणापासून वाचवते आणि त्याची किंमत म्हणून तिच्या गावावर वादळ येतं. गाव समुद्रकाठचं, टेकडीवर दीपगृह. शेवटी त्या दीपगृहापाशी उभं राहून ठरवायचं की मैत्रीण वाचवायची का गाव.

२०१७ ला होस्टेलवर खेळले तेव्हा दहा सेकंद पण लागली नाहीत. गाव गेलं खड्ड्यात, क्लोई पाहिजे! रूममेटशी भांडले पण त्यावरून, ती म्हणत होती तू क्रूर आहेस, मी म्हटलं अगं गेम आहे.

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. लॉकडाऊन म्हणून मी घरीच होते. दुपारी वारा असा फिरला की कौलं वरून पडत नव्हती, आडवी उडत होती. आम्ही सगळे माजघरात, बाबा दाराला पाठ लावून बसलेले. वारा थांबल्यावर बाहेर आलो तर समुद्र दिसला. आमच्या पडवीतून समुद्र कधीच दिसत नव्हता, मध्ये बाग होती. आजोबांनी लावलेल्या सुपाऱ्या, त्या मोडल्या नव्हत्या सगळ्या, बऱ्याचशा मुळासकट एकाच दिशेला निजवल्यासारख्या पडलेल्या. लाईट यायला महिन्याच्या वर गेला. सुपारीचं झाड लावल्यावर फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात हा हिशोब बाबा त्या दिवसांत रोज करायचे, मोठ्याने.

पुढच्या दिवाळीत परत खेळायला घेतला, टाईमपास म्हणून. त्याच जागी आले. गाव सोडलं की शेवटी दोघी गाडीतून त्या मोडलेल्या गावातून जातात, खिडकीतून पडलेली घरं बघत, हे मला माहीत होतं, आधी बघितलेलं होतं आणि तेव्हा मला ते रोमँटिक वाटलं होतं. या वेळी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून मी जेवून आले. मग क्लोईला जाऊ दिलं. रूममेटला मेसेज केला, तिने नुसता हार्ट पाठवला.

वाळूतला खेकडा

रोठा सुपारी, आमची दापोलीकडची बाग पण त्याच दिवशी गेली. आंब्याची.

कार्ट्या

छोटा अनुभव. गॉड ऑफ वॉर, २०१८ वाला. बाप आणि मुलगा, बायकोच्या अस्थी सगळ्यात उंच डोंगरावरून सोडायच्या म्हणून निघतात. बाप मुलाला नावाने फारशी हाक मारत नाही, सारखं "बॉय". आमचे अण्णा मला आयुष्यभर कार्ट्या म्हणत आले. गेमच्या सुरवातीला बाप मुलाच्या खांद्यावर हात ठेवायला जातो आणि मध्येच मागे घेतो. आईच्या दहाव्याला अण्णांनी सेम केलं होतं. मी पॉज केला तिथे. बस.

कोळंबी सोललेली बाई

मी नवऱ्याच्या आयडीवरून लिहायचे, आज स्वतःचं खातं काढलं या धाग्यासाठी.

व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच, २०१७. एका घरातली सगळी माणसं कशी कशी गेली, एकेकाची खोली, एकेकाची गोष्ट. मला बोलायचंय ते लुईसबद्दल. हा मुलगा मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला. उजव्या हाताने एकेक मासा उचलायचा, पात्याखाली मुंडी उडवायची, पुढे पट्ट्यावर सरकवायचा. ते चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याच्या मनातलं एक राज्य दिसायला लागतं आणि डाव्या हाताने आपण त्याला त्यात फिरवायचं. हळूहळू ते राज्य मोठं होत जातं, कारखाना झाकला जातो, पण उजवा हात थांबवता येत नाही, मासे येतच असतात.

मी लग्नाआधी दोन वर्षं रत्नागिरीत कोळंबी सोलायला जायचे. बर्फातली कोळंबी, तासाभराने बोटं आपली राहत नाहीत. डोकं मोडायचं, अंगठ्याने साल सोडवायचं, पाठीचा काळा दोरा ओढायचा, टोपात. वजनावर पैसे. बाजूच्या बायका म्हणायच्या हिला हाक मारली तरी ऐकू येत नाही. कशी येणार, मी तिथे नसायचेच! माझं तिकडे एक पूर्ण घर होतं, दोन मजली, वरच्या खिडकीतून गुलमोहर. रोज एकेक खोली रंगवायचे. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला पण नाही, आणि कुठल्यातरी परदेशातल्या माणसांनी ते बनवून ठेवलेलं. दोन्ही हातांसकट.

लुईसचा शेवट वाईट आहे, तो परत येत नाही. मी खेळून झाल्यावर स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली, सगळी, घासलेली पण.

सरज्याचा मालक

ताई, इथे लिहीत राहा.

ग्रंथपाल

हे सगळं चांगल्या कादंबरीत मिळतंच की. असो, वाचतोय.

वसुली (माजी)

सर मिळत असेल. पण कादंबरीतल्या माणसाने मारलं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या.

जेटीवरची

स्पिरिटफेअरर. २०२० ला आला. मी आणि आई मिळून खेळतो, वेंगुर्ल्याला. शेवट अजून बघितलेला नाही, का ते सांगते.

स्टेला नावाची मुलगी मेलेल्या माणसांना पलीकडे नेणारी बोट चालवते. माणसं म्हणजे दिसायला प्राणी, बोटीवर येतात, त्यांना घर बांधून द्यायचं, आवडीचं रांधून घालायचं, मिठी मारायची (मिठीचं वेगळं बटण आहे), आणि त्यांची वेळ झाली की होडीत बसवून लाल पाण्यातून एका दारापाशी पोचवायचं. आई स्टेला, मी तिची मांजर. आईने आयुष्यात कंट्रोलर धरला नव्हता, पण रांधायचं आणि लोकांची उस्तवार करायची म्हटल्यावर दोन दिवसांत माझ्यापुढे गेली. हे लोक एकच पदार्थ लागोपाठ दुसऱ्यांदा खात नाहीत, तेव्हा आई स्क्रीनवर ओरडली, "इथे पण तेच!"

त्यात अतुल नावाचा बेडूक आहे. हो, अतुलच. खाण्याचा शौकीन, बोटीची ठाकठोक करणारा, गडगडून हसणारा, आम्ही त्याला अतुलकाकाच म्हणायचो. बाकी सगळे सांगून जातात, दारापाशी बोलतात. त्याला एकदा मोठं जेवण घातलं आणि दुसऱ्या दिवशी तो नव्हताच. घरात एक फूल फक्त. आईने अख्खी बोट वरखाली शोधली, मला म्हणते तू काहीतरी दाबलंस. मग गप्प बसली. आमचे बाबा हार्टने गेले, पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) करायचं ठरलेलं त्या दिवशी सकाळी, मडकं आणून ठेवलेलं होतं. ते अजून पडवीत आहे, आई त्यात कडीपत्ता लावते.

आणि आता ॲलिस. ही म्हातारी हेजहॉग (अंगावर काटे असलेला छोटा प्राणी), हळूहळू विसरायला लागते, स्टेलाला आपली मुलगीच समजते. पुढे तिला एकटीला चालता पण येत नाही, हाताला धरून हळूहळू बोटीच्या टोकापर्यंत न्यावं लागतं. आमची आजी शेवटची चार वर्षं आईला स्वतःची बहीण समजायची. आईने कधीच दुरुस्त केलं नाही, बहिणीच्या नावाने ओ द्यायची.

ॲलिस सांगून मोकळी झालीय, दारापाशी ने म्हणून. नकाशावर जागा दिसते. आई तिकडे बोट नेतच नाही. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की गेम लावते, ॲलिसला हाताला धरून टोकापर्यंत नेते, परत आणते, काहीतरी शिजवून देते, एक मिठी, बंद. महिना झाला. काल मी म्हटलं, आई, तिला जायचंय गं. तर म्हणाली, कळतंय मला. गणपती होऊन जाऊ देत, मग बघू.