कंत्राटी नोकरीची मुलाखत: तुमचेही अनुभव लिहा

मंडळी, परवा रत्नागिरीत एका ऑफिसात 11 महिन्यांच्या कंत्राटी क्लार्कच्या जागेसाठी थेट मुलाखतीला जाऊन आलो आणि डोकं अजून ठिकाणावर नाही, म्हणून हा धागा. राजापूरच्या आतल्या गावातून पहाटेची एसटी, वाटेत हायवेची धूळ खात पाऊण तास फुकट, तरी साडेनऊला हजर, कारण जाहिरातीत 'सकाळी 10 वाजता स्वखर्चाने' हे ठळक छापलेलं. जागा एक, आम्ही साठेक जण, बसायला एक बाकडं. कागद गोळा करायला एक पोरगा होता, एकदम चटपटीत. कुणाच्या झेरॉक्सवर सही राहिली, कुणाचं डोमिसाइल नाही, सगळं बघत होता, मला म्हणाला दादा एमएससीआयटीचं सर्टिफिकेट वर लावा. माझा नंबर दुपारी अडीचला. साहेब जेवून सुस्तावलेले, प्रश्न दोनच. 'राजापूरहून रोज येणार कसे?' आणि 'काय हो, गंगा आली का यंदा?' (म्हणजे आमच्या राजापूरचे ते अधूनमधून प्रकटणारे गंगेचे झरे.) झालं. बाहेर येतो तर तोच पोरगा शर्ट नीट खोचून फाइल घेऊन आत शिरतोय. तोही उमेदवार! गेले 11 महिने त्याच खुर्चीवर तोच बसत होता म्हणे. त्याच्यावर राग नाही, त्यालाही पोट आहे, पण मग आम्हा साठ जणांना कशाला नाचवलं? लिहा तुमचंही, फक्त ऑफिसचं नाव नको.

चिपळूणची
माझी टायपिंग टेस्ट होती. मराठी 30 ची (मिनिटाला 30 शब्द) परीक्षा पास आहे, इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर हात बसलेला, त्यामुळे बिनधास्त गेले. मशीनवर बसले आणि बघते तर डी दबतच नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इन्स्क्रिप्टमध्ये पाय मोडायची खूण डी वर असते, ती गेली की जोडाक्षरंच गेली. उतारा सुरू होतो 'रत्नागिरी जिल्ह्यातील' असा आणि माझ्या स्क्रीनवर 'रतनागिरी जिलहयातील'. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, सगळ्यांना तेच मशीन आहे, वेळ चालू झालाय. मग शिफ्ट-4 ने रफार, शिफ्ट-7 ने क्ष, असं जमेल तिथे भागवत गेले, 'कार्यालय' आणि 'क्षेत्र' तेवढे बरोबर आले. प्रिंट काढून साहेबांनी लाल पेनाने गोल गोल केले आणि म्हणाले, 'स्पीड चांगलाय, पण शुद्धलेखन फार कच्चं आहे तुमचं.' घरी येईपर्यंत एसटीत रडू आवरत होते, आता हसू येतं. थोडंसंच.

टेबलापलीकडचा
धागाकर्ते, मी रिटायर झालोय म्हणून लिहितो. 11 महिने भरले की एकदोन दिवसांचा खंड द्यायचा आणि तोच माणूस परत नव्याने घ्यायचा, हे आमच्याकडे सर्रास चालायचं. जाहिरात काढावी लागते म्हणून काढायची. काम येणारा पोरगा सोडून नवा कोण शिकवत बसणार? तुम्हाला चीड येणं बरोबरच, पण त्या पोराचे हाल बघा, दरवर्षी स्वतःच्याच खुर्चीसाठी रांगेत. मी स्वतः अशा मुलाखतींत 'छंद काय' वगैरे विचारून वेळ काढलाय. वाईट वाटायचं, तरी विचारायचो.

दाभोळ-धोपावे
मी दापोलीकडची, मुलाखत गुहागर बाजूला, म्हणजे फेरीबोट आलीच. एका खाजगी ऑफिसात बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होती, तिच्या जागी सहा महिन्यांसाठी कोणीतरी हवं होतं. पहिला प्रश्न, लग्न ठरलंय का? म्हटलं नाही. मग, ठरलं तर? मग मूलबाळ? अहो जागा कसली, मुदत किती, विचारताय काय! 2017 पासून रजा 26 आठवड्यांची झालीय, तेवढ्यात मी लग्न करून पोर जन्माला घालणार होते का? हे मनात. तोंडाने 'नाही सर'. शेवटी म्हणाले आम्हाला लाँग टर्म माणूस हवाय. त्या नादात बोट चुकली आणि मी धोपाव्याच्या जेटीवर वडापाव खात बसले.

देवगडकर
माझा सरकारी नाय, आंब्याचा. एका व्यापाऱ्याकडे सीझनपुरता ऑफिसात माणूस हवा होता, चलन आणि पेट्यांचा हिशेब. शेट म्हणाला बघू हात कसा आहे. चार डझनी किती, पाच डझनी किती, कुठल्या गाडीत किती पेट्या भरल्या, सगळं लिहायला दिलं आणि मी पण खुशीत लिहितोय. संध्याकाळी वाशीची गाडी भरून गेली, शेटने चहा पाजला, म्हणाला कळवतो. म्हणजे दिवसभराचा माल फुकटात माझ्याकडून लिहून घेतला. वर एक डागी आंब्यांची पिशवी दिली. आजीने विचारलं, गावली काय रे नोकरी? म्हटलं आंबे गावले.

(चिपळूणच्या ताईंचं 'जिलहयातील' वाचून फुटलो.)

नवीन सभासद
सोमवारी ओरोसला आहे माझी, डेटा एंट्रीची, 6 महिने. वेंगुर्ल्याहून निघायचंय. काय काय न्यायचं?

चिपळूणची
झेरॉक्सचे तीन सेट, सह्या घरूनच करून. डबा, पाण्याची बाटली. आणि घरी जुना यूएसबी कीबोर्ड असेल तर पिशवीत टाक, मस्करी करत नाहीये.