मुलीच्या भूगोलाच्या मॅडम उत्तरच सांगत नाहीत. मुख्याध्यापिकांशी बोलावं का?

मानेवाडा_रिंगरोड

नमस्कार. घरात यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथं विचारतेय.

मुलगी आठवीत आहे. मराठी शाळा, सेमी. या वर्षी भूगोलाला नवीन मॅडम आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात वहीची पानं वाटून दिली. डावं पान पुस्तकाचं, उजवं पान "मी काय पाहिलं" याचं. डाव्या पानावर नेहमीसारखं बरोबर-चूक. उजव्या पानावर मात्र खूण नाही, गुण नाहीत, नुसता लाल पेनाने एखादा प्रश्न. आमच्या कन्येने उजव्या पानावर लिहिलं, "नागपूर भारताच्या मध्यभागी आहे." खाली लाल अक्षरात आलं, "कोणी सांगितलं? कसं मोजलं?"

तिने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, देशाचा मध्य म्हणून दाखवतात तो झिरो माईलचा खांब आहे ना तिथं, मग झालं तर! तर पोरगी म्हणते, "मॅडमनी सांगितलंय, बाबांनी सांगितलं हे उत्तर चालणार नाही." झालं. त्या दिवशी जेवताना कोणी कोणाशी बोललं नाही.

शेवटी रविवारी आम्ही सगळे गेलो झिरो माईलला. रोज बाजूने जातो, पण उतरून कधी बघितलं नव्हतं हे खरं. चार घोडे, तो खांब, त्यावर गावांची नावं आणि मैल. तिने सगळं उतरवून घेतलं. हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, चांदा १२५ वगैरे. पण यावरून आपण मध्यभागी आहोत हे कसं ठरतं, ते तिलाही कळेना आणि आम्हालाही. मॅडमना विचारलं तर त्या हसल्या म्हणे, आणि म्हणाल्या, "बघ अजून."

आता दुसरी बाजू पण सांगते. पोरगी बदलली आहे. आधी धडा धडधडा पाठ म्हणायची आणि विसरायची. परवा स्वयंपाकघरात घड्याळ घेऊन उभी. मला म्हणते, "आई, गॅस मोठा केला की शिट्टी लवकर होते. मग तीन शिट्ट्या म्हणजे नेमका किती वेळ?" इतकी वर्षं डाळ लावतेय, मला हे कधी सुचलं नाही.

पण घटक चाचणीत रिकाम्या जागेत तिने लिहिलं, "नक्की सांगता येत नाही." पेपर दुसऱ्या सरांनी तपासला, गुण गेला. शिष्यवृत्तीचा क्लासही लावलाय, तिथं दिलेल्या चार पर्यायांतूनच निवडायचं असतं. मिस्टर म्हणतात, मुख्याध्यापिकांना भेटून ये. सासूबाई म्हणतात, खबरदार त्या मास्तरणीला काही बोललीस तर. तुम्ही काय केलं असतं?

खडूची_भुकटी

मी स्वतः शिकवते, म्हणून स्पष्ट लिहिते. मुख्याध्यापिकांकडे जाऊ नका. आधी मॅडमनाच भेटा. वर तक्रार गेली की दुसऱ्या दिवशी काय होतं माहीत आहे? मॅडमना बोलावणं येतं, आणि उजवं पान बंद होतं. साठ पोरांच्या वह्यांवर साठ वेगवेगळे प्रश्न लिहायला किती वेळ लागतो, ते फक्त लिहिणाऱ्यालाच कळतं. त्याचा पगार वेगळा मिळत नाही.

गुणाचं म्हणाल तर ती तक्रार मात्र रास्त आहे. पेपरात कोणत्या पानावरचं लिहायचं, हे मुलांना बजावून सांगणं मॅडमचं काम आहे. ते त्यांना सांगा. गोड बोलून सांगा.

बर्डीवाला

अहो, नागपूर मध्यभागी नाही असं निघालं तर आम्ही पाव्हण्यांना काय दाखवायचं? संत्री तर बारा महिने नसतात. राहू द्या ना बाप्पा.

शंकूसाखळी

भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा होतो, आता निवृत्त. माझं नाव बघून ओळखलंच असेल कोणी. ताईंचा प्रश्न वाचला आणि आमचे महाल भागातल्या शाळेचे भूगोलाचे सर डोळ्यांसमोर आले. लांब लिहितो, वेळ असेल तर वाचा.

मीही आठवीतच होतो. मार्च महिना, सकाळची शाळा. सरांनी वर्गाला विचारलं, "दुपारी बारा वाजता सूर्य कुठं असतो?" आम्ही एका सुरात, "डोक्यावर!" सर म्हणाले, "कोणाच्या बे?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "शाळा सुटल्यावर ज्याला पाह्यचं आहे त्यानं थांबायचं. ज्याला नाही, त्यानं घरी जायचं, काही म्हणणार नाही." आम्ही पाच-सहा पोट्टे थांबलो. बाकीचे पळाले.

मैदानात मीटरभर लांबीचा बांबू रोवला. शाळेची भिंत बांधायला गवंडी आले होते, त्यांच्याकडून ओळंबा मागून आणला आणि बांबू सरळ आहे का ते चारही बाजूंनी बघितलं. सर स्वतः काहीच करत नव्हते, निंबाच्या सावलीत उभे. बाराला सूर्य डोक्यावर असेल तर सावली नाहीशी व्हायला पाहिजे, हे आमच्यातल्याच एकाने काढलं. बारा वाजले. सावली चांगली हातभर! आणि वर ती अजून कमीच होत होती. आमच्यातला एक म्हणाला, "सर, तुमचं घड्याळ पुढं आहे." सर चिडले नाहीत. म्हणाले, "असेल. तपासा." शिपाईदादांचा ट्रान्झिस्टर आणला, आकाशवाणीच्या वेळेशी घड्याळ लावून पाहिलं. घड्याळ ठीक होतं.

आता गंमत ऐका. सावली सगळ्यात लहान नेमकी कधी होते हे डोळ्यांना कळत नाही. पाच-दहा मिनिटं ती जशीच्या तशी वाटते. आम्ही भांडत बसलो, एक म्हणे आता, दुसरा म्हणे अजून नाही. तेव्हा सरांनी एवढंच सुचवलं की उद्या लवकर सुरू करा आणि बांबूभोवती सुतळीने वर्तुळ काढून बघा. दुसऱ्या दिवशी ११ वाजून २० मिनिटांनी सावलीचं टोक जिथं होतं, तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ चुन्याने आखलं. सावली आखडून वर्तुळाच्या आत गेली, मग वाढत वाढत बाहेर आली आणि १ वाजून २२ मिनिटांनी पुन्हा वर्तुळाला टेकली. दोन्ही वेळांचा मध्य काढला तर १२ वाजून २१ मिनिटं. उन्हात डोकी तापली होती, पण तो आकडा आमचा होता.

पुढचा आठवडाभर सरांनी चकार शब्द काढला नाही. ज्याला घाई असेल त्याने अॅटलास बघावा, एवढंच. एकाला सापडलं की आपली घड्याळं ८२° ३०′ रेखांशावर, मिर्झापूरजवळच्या वेळेवर चालतात, आणि नागपूर आहे ७९° ५′ वर. फरक साधारण ३.४ अंशांचा, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे पावणेचौदा मिनिटांच्या आसपास. आम्ही उड्या मारत सरांकडे गेलो. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "२१ मधून १४ गेले, राहिले ७. ते कुठं गेले?" कोणाला येईना. त्यांनीही सांगितलं नाही. पुढं खात्यात प्रशिक्षणाला गेलो तेव्हा कळलं की पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा लंबवर्तुळ आहे, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाशी पुढं-मागं होत राहतो. मार्चच्या त्या दिवसांत तो सात-साडेसात मिनिटं मागं असतो. वर्गात सगळे चहाची वाट बघत होते आणि मी एकटाच टेबलावर हात आपटला. प्रशिक्षक म्हणाले, काय झालं हो?

विषुवदिनाच्या आसपासच्या त्या दिवसांत मीटरभर बांबूची सावली माध्यान्ही ३९ सेंटीमीटरच्या जवळ भरते. त्यावरून कोन काढला की २१ अंश येतो, तोच नागपूरचा अक्षांश. सूर्य खरोखर डोक्यावर यायचा असेल तर नागपुरात २६ मेच्या सुमारास बघा, बारा वाजून दहा मिनिटांच्या आगेमागे. दुसरी वेळ जुलैच्या मध्यात येते, पण तेव्हा ढग. आणि मेमध्ये विदर्भातल्या शाळा बंद.

आता तुमच्या झिरो माईलकडे येतो. त्या जागी एक दगड आहे, त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट. १९०७ सालचा तलचिन्हाचा दगड तो. आमच्या धंद्यात अशा दगडाचा अर्थ साधा आहे. इथली उंची नक्की मोजलेली आहे, इथून पुढं मोजा. देशाचा मध्य दाखवायला तो बसवलेला नाही. सगळ्या देशाची मोजणी १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू झाली. ती सुरू करणारा लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरकडे येता येता आपल्या हिंगणघाटला वारला. कबर तिथंच आहे. वर्धेकडे गेलात तर पोरीला दाखवा.

आणि समजा मध्य दाखवायचाच होता, तर १९०७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात होता, तो १९३७ मध्ये वेगळा झाला. पाकिस्तान, बांगलादेश सगळं आतच होतं. तो मध्य आणि आजचा मध्य एक कसा असेल?

आजचा काढायचा तर दोन रस्ते आहेत. अॅटलासात मुख्य भूमीचे आकडे आहेत, ८° ४′ ते ३७° ६′ उत्तर आणि ६८° ७′ ते ९७° २५′ पूर्व. बेरीज करून दोनाने भागा. २२° ३५′ आणि ८२° ४६′ येतं. नागपूरपासून उत्तरेला दीडशेच्या वर किलोमीटर आणि पूर्वेला पावणेचारशे. छत्तीसगडात कोरब्याच्या जवळ. दुसरा रस्ता पुठ्ठ्याचा. भारताचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून कडेकडेने कापा, कडेला तीन ठिकाणी भोकं पाडा, एकेका भोकातून टाचणीवर लटकवा आणि ओळंब्याच्या दोऱ्याखाली रेघ मारा. रेघा जिथं मिळतात तो मध्य. दोन्ही उत्तरं वेगळी येतील. का, ते तिला शोधू द्या.

मुख्याध्यापिकांचं म्हणाल तर भुकटीताईंशी सहमत. एक मात्र सांगतो. आमचे सर पेपराच्या बाबतीत कडक होते. "पेपरात पुस्तकातलंच लिहायचं, शहाणपणा करायचा नाही," हे त्यांचंच वाक्य. ते मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटत नाही. पण त्यांनी कोणाचा गुण जाऊ दिला नाही, हेही खरं.

खडूची_भुकटी

काका, तुमच्या त्या वाक्यावर माझं डोकं अडकलंय. उजवं पान खरं आणि डावं पान गुणांचं, असं पोरांच्या मनात बसलं तर ती डावं पान खोटं समजायला लागतात. माझ्या वर्गात झालंय हे. म्हणून मी पेपराआधी एक तास पुस्तकातल्या विधानांनाच "कशावरून?" विचारून घेते. बहुतेक वेळा पुस्तक बरोबर निघतं, आणि मग पोरं ते न चिडता लिहितात.

मानेवाडा_रिंगरोड

सगळ्यांचे आभार. शनिवारी मॅडमना भेटले. वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत, हे बघून जरा चपापलेच. गुणाचं सांगितलं तर त्यांनी लगेच मान्य केलं आणि चाचणीआधी वर्गात सांगते म्हणाल्या. मी विचारलं, नागपूरचं उत्तर तुम्हाला तरी माहीत आहे का? तर म्हणाल्या, "तुमच्या मुलीने तीन गावांची अंतरं आणली, दुसऱ्या एका मुलाने मोबाईलवरून वेगळंच गाव आणलंय. सोमवारी दोघं वर्गासमोर भांडणार आहेत. मी मागच्या बाकावर बसणार."

पुठ्ठा कापला. मिस्टरांनी कापला, सांगून टाकते. ईशान्येचा तो बारीक गळा कापताना दोनदा फाटला. आमच्या तीन रेघा एका ठिकाणी मिळाल्या नाहीत, मधे लहानसा त्रिकोण आला, पण तो जबलपूरच्या आसपास आहे. म्हणजे खांबावर लिहिलेल्या त्या १७० मैलांवर! आता तिचा नवा प्रश्न आहे. अंदमान-निकोबार पुठ्ठ्याला चिकटवायचं कसं? ते सोडून दिलं तर मॅडम विचारणारच.

शंकूसाखळी

त्रिकोण आला म्हणजे पोरीने प्रामाणिकपणे केलंय. एकाच बिंदूत आल्या असत्या तर मला शंका आली असती.

अंदमान-निकोबारचं क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर, देशाचं ३२,८७,२६३. म्हणजे पाव टक्का. ती बेटं कितीही लांब असली तरी पुठ्ठ्याचा मध्य चार-पाच किलोमीटरच सरकेल. वीतभर-दीड वीत नकाशावर ते अर्धा मिलिमीटरही भरत नाही, तुमच्या दोऱ्याची जाडी त्याहून जास्त असेल. पण अक्षांशांच्या बेरजेत मात्र बेटं धरली तर गणित बदलतं. इंदिरा पॉइंट ६° ४५′ वर आहे, तो घेतला की मध्य २१° ५५′ वर येतो. सोमवारच्या भांडणात तो दुसरा पोरगा हे काढू शकतो, तिला तयार राहायला सांगा.

आणि पुठ्ठा कॅलेंडरचा घेऊ नका, वाकतो. मिठाईच्या खोक्याचा घ्या. भोकं टाचणीपेक्षा थोडी मोठी ठेवा, पुठ्ठा मोकळा झुलला पाहिजे. पंखा बंद करा.